हलणाऱ्या वस्तू आणि त्यांना हलविणारे

अकोल्याच्या जुन्या शहरातील एखाद्या जुन्या घरात जाण्याचा योग आला, तर बैठकीत टेकण्यापूर्वी पाहुण्याने एकदा मान वर करून तुळयांकडे पाहावे. मोर्णेच्या पश्चिम काठावर, असदगडाच्या आसपास वसलेल्या या वस्तीत अशी घरे आता थोडी उरली. पण जी उरली आहेत त्यांच्या तुळयांना लोखंडी कड्या अजून आहेत. माजघरातली एकटी कडी पाळण्याची. ओसरीतल्या जोडकड्या बंगईच्या. बंगई म्हणजे पुण्या-मुंबईचा झोपाळा. आमच्या वऱ्हाडात त्याला दुसरा शब्द चालत नाही. आणि एखाद्या सावकाराच्या दिवाणखान्यात कड्यांची एक लांब ओळ दिसली, तर तिथे कधीकाळी कापडाची झालर लावलेला दोरीचा पंखा टांगला होता असे समजावे.

घरातले लाकूडसामान म्हणजे एका जागी ठेवायची वस्तू, अशी आपली समजूत असते. पण या तीन वस्तू हलणाऱ्या होत्या, आणि हलणाऱ्या प्रत्येक वस्तूला हलविणारा कोणीतरी लागतो. मोटर लावलेला पलंग, बटण दाबताच वर येणारे टेबल, आपोआप मागे कलणारी खुर्ची यांची चर्चा हल्ली ‘नवे युग’ म्हणून होते. मला हा विषय फार जुना वाटतो. पूर्वीही या वस्तूंना मोटर होतीच. ती हाडामांसाची होती, एवढाच काय तो फरक.

पाळण्याची मोटर म्हणजे घरातली बाई. दोरीचे एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवायचे आणि दोन्ही हात तांदूळ निवडायला मोकळे ठेवायचे, ही युक्ती कोणत्या इंजिनियराने काढली नाही. पण शास्त्राच्या दृष्टीने ती अचूक होती. टांगलेल्या वस्तूची लय तिच्या दोरीच्या लांबीवर ठरते. दीड मीटर दोरीचा पाळणा एका फेरीला सुमारे अडीच सेकंद घेतो, मूल हलके असो की भारी. त्या लयीत, नेमक्या वेळी, अगदी थोडी ओढ दिली की पाळणा चालू राहतो. अवेळी दिली तर कितीही जोर लावा, मूल जागे होते. हल्ली बाजारात विजेचे पाळणे मिळतात. त्यांतले चांगले यंत्र पाळण्याची लय ओळखून तेवढाच धक्का देते, आणि वाईट यंत्र स्वतःची लय मुलावर लादते. पाळण्याच्या मोटरीची निवड करणाऱ्याने एवढी एक गोष्ट तपासली तरी पुष्कळ झाले. ताकद तिथे लागतच नाही.

पंख्याची गोष्ट मात्र वेगळी, आणि ती थोडी सविस्तर सांगावी लागेल.

१८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि कचेऱ्या, न्यायालये, बंगले उभे राहिले. आमच्याकडचा मे महिना ज्याने भोगला आहे, पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला ज्याने पाहिला आहे, त्याला साहेबाने पंखा का टांगला हे सांगायला नको. त्या पंख्याची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर व्हरांड्यात जाई, आणि तिथे पंखेवाला बसे. साहेबाला वारा दिसे, माणूस दिसत नसे. इ. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराने १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कादंबरीत न्यायालयाच्या प्रसंगी या पंखेवाल्याला मुद्दाम आणून बसविले आहे. सगळे न्यायालय खवळलेले असताना तो एकटा दोरी ओढीत राहतो. पण कादंबरीपेक्षा त्या काळचे न्यायालयीन दप्तर अधिक बोलके आहे. रात्री दोरी ओढता ओढता पंखेवाल्याचा डोळा लागायचा, वारा थांबायचा, साहेब घामाने जागा व्हायचा आणि उठून लाथ घालायचा. अशा मारहाणीत पंखेवाले मेल्याची प्रकरणे हिंदुस्थानच्या निरनिराळ्या प्रांतांत न्यायालयापुढे आली. मलेरियाने वाढलेली प्लीहा फुटून मृत्यू आला, असा बचाव होई आणि आरोपी किरकोळ दंडावर सुटे. यंत्र बंद पडले तर आपण त्यावर चिडतो. इथे बंद पडणारे यंत्र म्हणजे झोपेला आलेला माणूस होता.

या माणसाची दोरी सोडविली ती शिवणयंत्राने, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नसते. अमेरिकेत सिंगर कंपनीत फिलिप डील नावाचा जर्मन वंशाचा कारागीर होता. त्याने शिवणयंत्रासाठी लहान विजेची मोटर तयार केली, आणि १८८० च्या दशकात तशाच मोटरीला पाती बसवून ती छताला टांगली. घरगुती वस्तूला मोटर बसविण्याच्या इतिहासातला हा धडा मला फार मोलाचा वाटतो: एका कामासाठी केलेली मोटर दुसऱ्या कामाला लागते, पण दोन्ही कामांचा स्वभाव जुळला तरच. शिवणयंत्र आणि पंखा, दोघांनाही सतत गोल फिरायचे असते. भार हलका, फेरे पुष्कळ. मुंबईत १९०५ साली वीज पुरवणारी कंपनी निघाली, १९१५ साली लोणावळ्याकडच्या धरणांच्या पाण्यावर खोपोलीला तयार केलेली वीज गिरण्यांना मिळू लागली. आणि जिथे जिथे तारा पोहोचल्या तिथे तिथे पंखेवाला व्हरांड्यातून उठला. त्याला पुढे कोणते काम मिळाले, याची नोंद ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही.

आपल्याकडे मोटरी तयार होऊ लागल्या त्या बऱ्याच उशिरा. १९३७ साली कोइमतूरला जी. डी. नायडू आणि डी. बालसुंदरम नायडू यांनी देशी मोटर तयार केली. मराठी माणसाला अधिक जवळचे नाव किर्लोस्करांचे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते, यंत्रांची रेखाटने शिकवीत. माझ्यासारख्या मास्तराला ही गोष्ट उगाचच अभिमानाची वाटते. १९१० साली त्यांनी औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनाजवळ किर्लोस्करवाडी वसविली. नांगर, कडबा कापण्याचे यंत्र, उसाचा चरक, पंप आणि लोखंडी फर्निचरही तिथे होऊ लागले. पुढे १९४६ साली बंगळुरात किर्लोस्करांची विजेच्या मोटरींची कंपनी निघाली. म्हणजे एकाच घराण्याच्या कारखान्यांत एकीकडे लोखंडी खुर्च्या आणि दुसरीकडे मोटरी. पण या दोन वस्तूंचे लग्न त्या काळी लागले नाही. का लागले नाही?

कारण त्या मोटरी शेतातल्या विहिरीसाठी आणि कारखान्यासाठी होत्या. मिनिटाला चौदाशे-साडेचौदाशे फेरे घेणारी, कित्येक अश्वशक्तीची, अंगात ४०० व्होल्ट खेळविणारी मोटर आजाऱ्याच्या पलंगाखाली कोण ठेवील? पलंगाला फेरे नकोत. त्याला हवे आहे ते अगदी सावकाश, वीतभर सरकणे. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, सरकून झाल्यावर तिथेच थांबणे.

थांबण्याची ही विद्या शोधायला मात्र अकोलेकराला दूर जावे लागत नाही. ती कापसाच्या प्रेसमध्ये आहे.

वऱ्हाडचा कापूस जगाच्या बाजारात गेला तो अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये. १८६७ साली रेल्वे आमच्या भागातून पुढे नागपूरपर्यंत पोहोचली. १८७० साली खामगावचा फाटा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला. परंतु कापूस ही अशी वस्तू की वजनाला थोडी आणि जागेला फार. जहाजाचे भाडे जागेवर ठरणार. म्हणून तो दाबून गाठी बांधणे भाग होते. ३९२ पौंडांची गाठ ही हिंदुस्थानी कापसाची प्रसिद्ध गाठ. वाफेवर आणि पाण्याच्या दाबावर चालणारे प्रेस येण्यापूर्वी हे दाबण्याचे काम मळसूत्राने होई. उभा प्रचंड स्क्रू, त्याला आडवे दांडे, आणि दांड्यांना छाती लावून गोल गोल फिरणारी माणसे. माणसे दमली, दांडे सोडून बाजूला बसली, तरी दाबलेला कापूस उसळून वर येत नसे. स्क्रू फिरविला तरच नट सरकतो. नट कितीही ढकला, स्क्रू फिरत नाही.

असे का, हे मी माझ्या वर्गात कागदाच्या त्रिकोणाने दाखवितो. उतरत्या बाजूचा कागदी त्रिकोण पेन्सिलीला गुंडाळला की आटे दिसू लागतात. स्क्रू म्हणजे गुंडाळलेला उतार. उतार फार थोडा असला, तर त्यावर ठेवलेली वस्तू घर्षणामुळे जागीच राहते, घसरत नाही. याची किंमतही आहे. जो स्क्रू असा आपणहून थांबतो, तो घातलेल्या शक्तीपैकी निम्म्याहून अधिक घर्षणात घालवितो. आधुनिक यंत्रांत गोळ्यांवर सरकणारे स्क्रू असतात. ते शक्ती जवळजवळ वाया घालवीत नाहीत. पण भार सोडला की उलटे फिरून खाली येतात, त्यांना वेगळा ब्रेक लावावा लागतो. पलंगासाठी म्हणूनच साधा, घासणारा, ‘वाया घालविणारा’ स्क्रू चांगला. उधळ्या माणसाची बाजू घेण्याचा प्रसंग माझ्यावर क्वचित येतो, तो असा आला.

हे मळसूत्र पलंगाखाली गेले ते अमेरिकेत. १९०९ च्या सुमारास शल्यचिकित्सक विलिस गॅच यांनी तीन भागांचा, पाठीशी आणि गुडघ्याशी उचलता येणारा पलंग केला. आपल्या सरकारी दवाखान्यांत पायथ्याशी हँडल असलेली जी ‘फाउलर कॉट’ असते, ती याच वंशातली. हँडल फिरविले की खालचा लांब स्क्रू फिरतो आणि पाठ उचलली जाते. फिरविणारा सोडून गेला तरी रोगी बसलेला राहतो. पुढे हँडलाची जागा लहान मोटरीने घेतली. डेन्मार्कमध्ये बेंट येन्सन यांनी १९७९ साली चाकाच्या खुर्चीसाठी असा एक दांडा तयार केला: नळीत स्क्रू, स्क्रूच्या बुडाशी मोटर, बटण दाबले की दांडा पुढे, दुसरे दाबले की मागे. त्याला लीनियर ॲक्च्युएटर म्हणतात. जगातल्या दवाखान्यांतले पलंग आणि वर-खाली होणारी टेबले आज बहुतेक अशाच दांड्यांवर चालतात. कापसाच्या प्रेसमधली माणसे काढून टाकून तो प्रेस मनगटाएवढा केला, म्हणजे हे यंत्र झाले.

माझा या सगळ्याशी संबंध आला तो माझ्या काकांमुळे. आमच्याच गल्लीत त्यांचे घर. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. त्यांना उठवून बसविण्याचे काम काकूंचे. काकू सत्तरीच्या पुढे. चहा, औषध, जेवण, पुन्हा औषध, ठसका लागला तर मध्येच, असे दिवसातून दहा वेळा तरी मानेखाली हात घालून त्या काकांना उचलीत. काकांचे वजन साठ किलो; कमरेवरचा भाग म्हणजे त्यातले पस्तीस-छत्तीस. पंखेवाल्याची दोरी माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच घरात होती, फक्त ती व्हरांड्यात नव्हती. मोटरीची गोष्ट काढली तेव्हा काकू म्हणाल्या, “काऊन रे बाप्पा, मी काय मेली काय?” त्यानंतर आठ दिवस त्या विषयावर बोलल्या नाहीत.

आमच्याकडे एक मिस्त्री आहेत. सुतारकाम, वेल्डिंग, मोटार दुरुस्ती, सगळे थोडे थोडे. त्यांचे म्हणणे, भंगारातून मोटारगाडीच्या वायपरची मोटर आणू आणि जुन्या फाउलर कॉटच्या हँडलाला जोडू. कल्पना वाईट नव्हती. वायपरची मोटर १२ व्होल्टवर चालते, तिच्या पोटात वर्म गिअर असल्याने ती मिनिटाला चाळीस-पन्नास फेरेच घेते आणि तिला जोर भरपूर असतो. पण तिला कोठे थांबायचे ते कळत नाही. पाठ पूर्ण उचलली गेली आणि बटण दाबलेलेच राहिले, तर ती लोखंड वाकवील किंवा स्वतः जळेल. दोन्ही टोकांना बंद करणारे स्विच आपण बसवायचे, ते कोणत्या दिवशी धूळ खाऊन अडकतील याचा नेम नाही, आणि पलंगावर असणार स्वतःहून उठता न येणारा माणूस. ॲक्च्युएटरमध्ये ते स्विच नळीच्या आत बंद असतात. मी त्याचा आग्रह धरला. मिस्त्री म्हणाले, “गुरुजी, पैसा तुमचा, पन मोटर त मोटरच अस्ते.” त्यांच्याशी माझे इथे पटले नाही.

मग हिशेब. कमरेवरचा भाग आणि उचलायची चौकट, गादी मिळून सेहेचाळीस किलो धरले. या भाराचा मध्य बिजागरीपासून सुमारे ३५ सेंटीमीटरवर. दांडा बिजागरीपासून जेवढ्या आडव्या अंतरावर जोर लावील तेवढी त्याची तरफ. पलंगाखाली जागा थोडी. पाठ सपाट असताना दांडा जवळजवळ आडवा पडलेला असतो, म्हणून खरी तरफ दहा-अकरा सेंटीमीटरच मिळते. म्हणजे सेहेचाळीस किलो उचलायला दीडशे किलोचा रेटा हवा! पाठ जसजशी वर जाते तसतसा रेटा कमी होतो. सगळी मेहनत पहिल्या वीतभरात. काकूंची कमर नेमकी तिथेच जात असे, हे मला हा आकडा निघाल्यावर कळले. दीडशेच्या दुप्पट, म्हणजे तीनशे किलोच्या सुमाराचा, यंत्रावर ३००० न्यूटन असे लिहिलेला, २०० मिलिमीटर सरकणारा दांडा घेतला. जोर जास्त तर वेग कमी, हा मोटरीचा धर्मच आहे. हा सेकंदाला सहा मिलिमीटर सरकतो, पाठ पूर्ण उठायला अर्ध्या मिनिटाहून थोडे अधिक लागते. आजारी माणसाला याहून घाई नसते. उलट भरकन उठविले तर चक्कर येते.

वीज २४ व्होल्टची. पलंगावर पाणी सांडते, लघवी सांडते. तिथे २३० व्होल्टची तार नेणे हा गुन्हा समजावा. मोटरीच्या अंगावर ‘१० टक्के’ असे काही लिहिलेले असते, त्याकडे विकत घेणारे लक्ष देत नाहीत. त्याचा अर्थ, दोन मिनिटे चालली तर अठरा मिनिटे विश्रांती. नातवंडांनी बटणाशी खेळ मांडला तर तेवढ्याने ती तापून जळेल. आणि चौकट खाली येताना मध्ये हात सापडू नये, म्हणून केवळ वर ढकलणारा, खाली ओढून न आणणारा दांडा घ्यावा. खाली येताना चौकट आपल्या वजनानेच येते, मध्ये काही अडकले तर दांडा सुटा होऊन एकटाच मागे जातो.

मिस्त्रींनी सगळे बसवून झाल्यावर खरा प्रश्न विचारला. “हे वर गेलं थे ठीक हाय गुरुजी. पन लाइट गेली त मानूस खाली कसा येईन?” वऱ्हाडात पारससारखे वीजकेंद्र असूनही २००५ नंतरची कित्येक वर्षे भारनियमनात तासन्‌तास अंधारात गेली, त्या दिवसांची आठवण आमच्याकडे कोणी विसरलेला नाही. स्क्रू आपणहून थांबतो हा त्याचा गुण, आणि लाइट गेल्यावर तोच दोष. म्हणून १२ व्होल्टच्या दोन लहान बॅटऱ्या जोडल्या. त्या किती पुरतील हे काढायला बसलो, आणि पुन्हा पुन्हा आकडे तपासले. पाठ एकदा उचलायला मोटर सुमारे ३६ वॅट घेते, तीही पस्तीस सेकंद. दिवसातून दहा वेळा वर आणि दहा वेळा खाली धरले, तरी दिवसाची एकूण वीज निघाली सात वॅट-तास. छताचा जुना ७५ वॅटचा पंखा तेवढी वीज सहा मिनिटांत खातो.

हा आकडा मी काकूंना सांगितला नाही.

बटणाची पेटी काकांच्या डाव्या हाताशी बांधली आहे. दोनच बटणे, मोठी, एकावर खिळ्याने खूण कोरलेली, म्हणजे अंधारात बोटाला कळावी. पहिल्या दिवशी त्यांनी पाठ निम्मी उचलली आणि थांबविली. जेवणाची वेळ नव्हती, औषधाचीही नव्हती. तेवढ्या उंचीवरून खिडकीतली गल्ली दिसते. मिस्त्रींनी दांड्याच्या बुडाशी एक पिन ठेवली आहे. बॅटरीही संपली तर ती काढायची, आणि दोघांनी धरून चौकट हळूच खाली सोडायची. ती पिन कोठे आहे हे काकूंनी स्वतः वाकून पाहून घेतले, आणि शेजारच्या दोन घरांतल्या मुलांनाही बोलावून दाखविले.